चांद्याचं पाणी, नागपूरचा तांब्या

जुनी शुक्रवारी, नागपूर
चैत्र वद्य चतुर्थी, शके १८६९

यमूले वैनीचा आशीर्वाद. तू रागात आहे हे मले माहीत आहे, तरी आशीर्वाद घेऊन ठेव. रागाचं आपण मंग पाहू.

होळीपासून तुले पत्रं टाकून राहिली, तुझं एक उत्तर नाही. कळमेश्वरचा पोस्टमन वारला की काय म्हणून मी शेजारच्या शालिकरामले विचारलं, तर तो म्हणते पोस्टमन चांगला धडधाकट आहे, परवा त्याच्या घरी बारसं होतं. म्हणजे तूच लिहून नाही राहिली. माझं अक्षर लागत नाही असं मात्र सांगू नको. मी या घरात नवरी होऊन आली तेव्हा मले अ का ब येत नव्हता. एवढीशी तू, नणंद म्हणून तोरा केवढा, पण चुलीतली राख पाटावर पसरून तूच मले बोटानं ग म भ न काढाले शिकवलं. आता माझी पत्रं वाचायची पाळी तुझ्यावर आली तर त्याले मी काय करू.

चारूचं सांगते. तू होळीच्या दिवशी ताटावरून उठून गेली, त्याच्यानंतरचं तुले काही माहीत नाही.

शालिकरामनं चांद्याचं स्थळ आणलं म्हणून तू गेली. म्हणाली, आपल्या घरची पोरगी चांद्याले दिली आन् तुम्ही त्या गावचं पाणी तोंडात घेतलं, तर मले माहेर नाही. तुझ्या बोलण्याले मी नाव नाही ठेवत, यमू. तुझ्या खापरपणजीची गोष्ट मीही दर अक्षय तृतीयेले पितरांची घागर भरतानी सासूबाईच्या तोंडून ऐकली आहे. साहेबानं तोफा लावून चांद्याचा परकोट फोडला. आपला खापरपणजा आत भोसल्यांचा शिपाई होता, तो तिथंच पडला. ती कडेवर लेकरू घेऊन पळाली, परकोटाजवळच्या विहिरीवर पाणी मागाले थांबली, तर तिथल्या बायकायनं दोर वर ओढून घेतला. म्हणे, नागपूरवाल्यायनं लढाई आणली, नागपूरलेच जाऊन पाणी प्या. तेव्हापासून या घरातली बाई चांद्याचं पाणी पीत नाही. महाकालीच्या जत्रेले जायचं तर सोबत तांब्या भरून न्यायचा. हे सारं मले पाठ आहे. पण त्या विहिरीवरच्या बायका मेल्या, त्यायच्या नाती मेल्या, आन् इथं चारू विसाची होऊन राहिली, हेही मले दिसते ना.

तर तू गेल्यावर ते लोक चारूले पाहाले आले. पोरगा मार्तंड, जंगलखात्यात कारकून. बाप मनोहरराव, मवाळ माणूस. आन् पोराची आजी जिजाबाई, उंच, ताठ, नाकात एवढी मोठी चमकी. चारूनं पाणी आणलं. जिजाबाईनं पेल्यावर हात ठेवला. म्हणे, मले तहान नाही. चैताचं ऊन, स्टेशनावरून टांग्यात आलेली बाई, आन् तहान नाही. मी म्हटलं, गुळासोबत घ्या. गुळाचा खडा तिनं तोंडात टाकला, पाणी नाही घेतलं. पोट्ट्यानं मात्र आपला पेला पिला, बापाचा पिला, आजीनं ठेवलेला पेलाही पिला, आन् पिऊन झाल्यावर चारूकडं पाहून राहिला.

पण मान बाईचा. जिच्या हातचं पाणी घेतलं नाही ती पोरगी नापसंत, हे कोणी सांगाले पायजे काय. पोरीचा बाप रुपराव तुझा भाचा आहे, नाक तुमच्याकडचंच. ते टांग्यात बसत नाहीत तोच शालिकरामले म्हणाला, त्या गावचं नाव आता या घरात काढायचं नाही. तेव्हापासून चारू घासलेली भांडी परत घासते. कालची परात घासून इतकी उजळली की मले तिच्यात माझ्या तोंडावरचे तीळ मोजता आले.

म्हणून मी उद्या पहाटेच्या गाडीनं चांद्याले चालली. रुपरावले सांगितलं, महाकालीचं दर्शन. देवीच्या नावानं खोटं कशाले बोला, दर्शनही घेईन. पण मले त्या जिजाबाईले एक विचारायचं आहे, की माझ्या नातीत तुमाले काय कमी दिसलं. सोबत शालिकराम आहे. तो रुपरावले भेते, पण माझ्या भाकरीले जास्त भेते.

आन् तू काळजी नको करू. रुपरावच्या भांड्याच्या दुकानातला नवा फिरकीच्या झाकणाचा तांब्या घेतला आहे, घरच्या विहिरीच्या पाण्यानं काठोकाठ भरला आहे. तिनं माझं नाही पिलं, मी तिचं नाही पिणार.

तुझी वैनी
देवकी


जुनी शुक्रवारी
चैत्र वद्य षष्ठी

यमू, खाली बस. चुलीवर काही असन तर उतरव आन् मंग वाच, कारण हे लांबणार आहे.

मी जाऊन आली. जिंकून आली. पण ते शेवटी सांगते, नाहीतर तू मधलं वाचणार नाही.

गाडीत पाय ठेवाले जागा नव्हती. लढाई संपून दोन वर्षं होत आली तरी लोक गाडीत अजून लढाईवर चालल्यासारखेच चढतात. वर्ध्याले गाडी बदलली. मांडीवर तांब्या, तांब्यावर हात. समोरची एक बाई विचारते, आजी, गंगाजळ आहे काय जी. मी म्हटलं, त्याच्यावरचं आहे. तिनं लगेच सरकून मले खिडकी दिली.

चांद्याले उतरलो आन् परकोट पाहिला. बाई, काय भिंत. इतकी वर्षं आपण घागरीसमोर बसून तिचं नाव घेतलं, पण अशी असन असं नव्हतं वाटलं. काळा दगड, उंच, आन् जिकडं पाहावं तिकडं वळत चाललेला. जटपुरा दरवाज्यावर दगडात एक वाघासारखा सिंह कोरला आहे, त्याच्या पायाखाली हत्ती, आन् हत्ती मांजराएवढा. गोंडराजाचं निशाण आहे म्हणे ते. ज्यानं कोरलं त्याले हत्तीचा काही जुना राग असन.

आधी महाकालीच्या पाया पडली. तिले म्हटलं, तुझ्या नावानं घरून निघाली, आता माझी लाज तुझ्याकडं. मंग टांगेवाल्याले म्हटलं, परकोट जिथं फोडला ती जागा दाखव गा. तो एका जागी घेऊन गेला. तिथं एक म्हातारा शेळ्या चारून राहिला होता, तो म्हणते, इथून नाही फोडला, तिकडून फोडला. टांगेवाला म्हणते, माझ्या आज्यानं दाखवली हेच जागा. म्हातारा म्हणते, तुझा आजा पठाणपुऱ्याचा, त्याले काय माहीत. दोघांचं असं जुंपलं की लढाई परवाच झाली असं वाटावं. मी खाली उतरली. दगड ढासळले होते, मधून बाभूळ उगवली होती, शेळ्या वर चढून पाला खात होत्या. मी दगडाले हात लावला. तापला होता. खरी जागा हे का ते, मले काय करायचं. मले दिसून राहिली होती तुझी खापरपणजी, कडेवर लेकरू घेतलेली. वय काय असन तिचं? आपल्या चारूएवढं असन, नाहीतर कमीच. आपण तिले नेहमी म्हातारी समजून घागर भरली, यमू. ती पोरगी होती.

तिथून जवळच एक विहीर होती. तीच असन असं मी म्हणत नाही, चांद्यात विहिरी काय थोड्या आहेत. बायका पाणी भरून राहिल्या होत्या. एकीनं पाहिलं मी उन्हात उभी आहे, तर तिनं बादली वर काढली, पितळेचा पेला भरला आन् पुढं केला. म्हणे, घ्या जी आजी, घसा सुकला असन. तिनं काही विचारलं नाही, कोणाची, कुठली. मी म्हटलं, नको वं पोरी, माझं माझ्याजवळ आहे. शालिकरामनं मात्र तो पेला घेतला आन् माझ्यासमोर गटगट पिला. तो काही आपल्या घरचा नाही. पण इतका आवाज करून प्यायची काही गरज नव्हती.

मंग मी दगडावर बसली, तांब्याची फिरकी फिरवली. फिरेना. उन्हानं पितळ फुगलं का आटे अडकले, कोण जाणे. पदरानं धरून फिरवली. शालिकरामनं धोतरात धरून फिरवली, दातानं फिरवून पाहिली, त्याचा एक दात आधीच हलत होता तो जास्त हलाले लागला. तांब्या हलवला की आत पाणी वाजते, आन् बाहेर येत नाही. शालिकराम म्हणते, मावशी, हा रुपरावच्या दुकानचा माल ना? मी म्हटलं, गप बस. तो म्हणते, गपच आहे, पण रुपरावले सांगा, की पाणी बाहेरही निघालं पायजे असं गिऱ्हाइकाचं म्हणणं आहे.

अशी मी, जिभेचं लाकूड झालेली, जिजाबाईच्या दारात उभी राहिली.

ती ओसरीवर चिंच फोडत बसली होती. मले पाहून तिचा हात थांबला. चेहऱ्यावर काय आलं ते मले तेव्हा समजलं नाही, आता समजते. म्हणाली, "या बाई. बसा." सुनेले हाक मारली. सूनबाई पाणी घेऊन आली, मातीच्या माठातलं, वाळा टाकलेलं, वास इथपर्यंत येऊन राहिला. मी पेल्यावर हात ठेवला. जसा तिनं माझ्या घरी ठेवला होता, तसाच. मले वाटलं होतं तो हात ठेवतानी मले मोठा आनंद होईल. नाही झाला, यमू. तहान लागली होती.

"तहान नाही," मी म्हटलं.

तिनं माझ्याकडं पाहिलं, मंग माझ्या मांडीवरच्या तांब्याकडं पाहिलं.

"हे काय आणलं?"

"माझं आहे."

"उघडत नाही वाटते."

"उघडते. मले उघडायचा नाही."

"द्या इकडं," म्हणाली, आन् मी नको म्हणाच्या आत तिनं तांब्या घेतलाही. तांब्याच्या गळ्याभोवती पदर ओला करून गुंडाळला, तांब्या आडवा धरून उंबऱ्यावर कड ठोकली, थोडा फिरवून परत ठोकली. मंग फिरकी आधी उलट्या अंगानं आवळली आन् झटकन सुलट्या अंगानं सोडली. टक् करून उघडली.

मी म्हटलं, "तुमाले कसं माहीत?"

ती उठली, आत गेली. देवळीतून एक तांब्या घेऊन आली आन् माझ्या तांब्याशेजारी ठेवला. फिरकीचाच. जुना, जागोजागी चेपलेला, कड ठोकून ठोकून चपटी झालेली.

"तुमच्या घरी आली तेव्हा हा टांग्यात होता," म्हणाली. "पदराखाली घेऊन उतरायची होती, पण मनोहरनं उतरू नाही दिलं. म्हणे आई, लोक हासतील, आजकाल असं कोणी पाळते काय. मले म्हणाला, तहान नाही म्हणून सांग. मी सांगितलं. बाई, तुमच्या अंगणात माझी जीभ टाळूले चिकटली होती. तो गुळाचा खडा खाल्ला तेव्हा तर जीव जाते असं वाटलं."

ऐकून राहिली ना, यमू? त्यायच्या घरची बाई नागपूरचं पाणी पीत नाही.

काहून, म्हणशील. मीही तेच विचारलं. तर तिच्या सासरचा खापरपणजा सीताबर्डीच्या टेकडीवर लढला होता. नागपूरचाच माणूस. लढाई हरली, टेकडीवर साहेबाचा झेंडा लागला, आन् यानं शपथ घेतली की तो झेंडा उतरत नाही तोवर नागपूरचं पाणी या घरात नाही. बायको, लेकरं घेऊन चांद्याले आला, इथं भोसल्यांचं राज्य अजून होतं म्हणून. आन् मंग सहाच महिन्यांत चांदाही पडला.

"मंग काय केलं त्यायनं?" मी विचारलं.

"काय करतील," म्हणाली. "एका गावचं सोडलंच होतं, दुसऱ्याचंही सोडलं तर माणसानं प्यावं काय? पीत राहिले इथलं."

मी आपलं सांगितलं. तिनं पूर्ण ऐकलं. विहिरीचा दोर वर ओढला हे ऐकून तिनं डोळे मिटले. मंग काय आलं तिच्या मनात, म्हणाली, "पण आमची लढाई आधीची."

मी म्हटलं, "आधीची असन. आमची मोठी. आमचा परकोट पडला."

"आमची टेकडी गेली."

"टेकडी तर तिथंच आहे. मी रोज पाहते."

"परकोटही इथंच आहे, आताच पाहून आल्या ना."

शालिकराम म्हणते, "मावशी, तुमचे इकडून तिकडं गेले, यायचे तिकडून इकडं आले. वाटेत वरोऱ्यापाशी एकाच विहिरीवर थांबले असतील, दोघंही तहानलेले." आम्ही दोघी त्याच्याकडं पाहून राहिलो. तो कधी कधी असं बोलून जाते आन् मंग त्याले स्वतःलेच भीती वाटते. त्यानं एक चिंच तोंडात टाकली.

तेव्हा मी विचारलं, जे विचाराले गेली होती ते. "माझ्या चारूत काय कमी आहे?"

"काही कमी नाही," जिजाबाई म्हणाली. "तिनं काठोकाठ पेला पुढं केला, थेंब सांडला नाही. ती पोरगी मले पायजे. पोट्टं तर तेव्हापासून धड जेवत नाही. पण बाई, सून जिथली, तिथलं पाणी मी घेत नाही, तर विहीण म्हणून तुमच्या घरी येऊ कशी? थोडं थांबू. साहेब चालला म्हणतात. पुढच्या उन्हाळ्यापर्यंत झेंडा उतरन. मंग पिते तुमचं पाणी आन् नेते पोरगी."

मी म्हटलं, "साहेब सव्वाशे वर्षं चालला आहे. रुपराव या वैशाखात दुसरं स्थळ पाहून राहिला. उमरेडचं. पोराले गुरंढोरं आहेत आन् बोलता येत नाही अशी मले शंका आहे."

तिनं एक चिंच उचलली आन् परत ठेवली. समोर दोन तांब्ये, एक उघडा, एक बंद. आन् मले त्या क्षणी सुचलं, यमू. महाकालीनं सुचवलं म्हणते मी, तुले वाटलं तर वैनीच्या डोक्यानं म्हण. मी म्हटलं, "एक मोठं गंज आणा."

सूनबाईनं पितळेचं गंज आणलं, चांगलं मोठ्या पातेल्याएवढं. मी माझा तांब्या त्याच्यात उपडा केला. म्हटलं, "आता तुमच्या माठातलं टाका." जिजाबाईनं माझ्या तोंडाकडं पाहिलं, मंग हळूच तांब्याभर पाणी टाकलं. मी पळीनं ढवळलं. गुळाचा खडा टाकला.

"आता सांगा," मी म्हटलं, "हे कोणत्या गावचं पाणी आहे?"

ती गंजात पाहून राहिली. खूप वेळ पाहिलं. जशी काही नागपूरचं पाणी वेगळं तरंगून वर येणार होतं.

"नागपूरचं नाही म्हणता येणार," म्हणाली.

"चांद्याचंही नाही म्हणता येणार," मी म्हटलं.

"पण तुमच्या खापरपणज्यानं विचारलं तर?" मीच परत विचारलं, तिचं मन पूर्ण वळू द्यावं म्हणून.

"त्याले सांगीन," म्हणाली, "चांदा पडल्यावर तुमालेच तर कोणत्या गावचं प्यावं ते समजत नव्हतं."

मंग दोन पेले भरले. ती म्हणे तुम्ही आधी, मी म्हटलं तुम्ही आधी, पाहुणी कोण आन् यजमान कोण याच्यावरून परत लढाई लागत होती. शेवटी दोघींनी एकदमच तोंडाले लावले. यमू, उन्हानं तापलेलं अर्धं, माठातलं गार अर्धं, गूळ नीट विरघळला नाही, आन् असं पाणी मी जन्मात नाही पिलं. मी दुसरा पेला मागितला. तिनंही मागितला. दारात मनोहरराव येऊन उभे राहिले होते, त्यायले काही समजेना की आपल्या ओसरीवर या दोन म्हाताऱ्या कशाचे पेल्यावर पेले रिचवून राहिल्या. आन् त्यायच्या मागं मार्तंड. त्याले समजलं. पोट्टं हुशार आहे. त्यानं वाकून माझ्या पायाले हात लावला, आन् उठतानी गंजातलं पाणी मागितलं. तहान मात्र त्याले फार लागते, हे चारूले सांगून ठेवावं लागन.

उरलेलं पाणी तांब्यात भरून आणलं. स्टेशनवर रुपराव उभा. कोणीतरी त्याले सांगितलं होतं की माय शालिकरामसोबत गेली, मंग त्यानं ताडलंच. शालिकराम माझ्या मागं लपला, पण तो माझ्यापेक्षा दुप्पट रुंद आहे. रुपराव म्हणाला, "माय, तू त्यायच्या घरी गेलती?" मी म्हटलं, "आधी पाणी पी, तोंड किती सुकलं तुझं." फिरकी उंबरा नव्हता म्हणून प्लॅटफॉर्मच्या दगडावर ठोकून उघडली. त्यानं पिलं. म्हणाला, "गोड काहून आहे?"

मी म्हटलं, "पत्रिका छापाले टाक, मंग सांगते."

तुझी वैनी
देवकी


अक्षय तृतीया

यमू, आज घागर भरली. तुले आठवते तसंच सारं, आंबा, पन्हं, वरण, कुरड्या. फक्त घागरीत, नेहमीच्या पाण्यात, मी तांब्यातलं थोडं ओतलं. हात थोडा थांबला होता. मंग त्या परकोटाजवळची पोरगी मनात आली. ती त्या गावचं पाणी मागाले थांबली होती, सोडाले नाही. सोडलं ते मंग, रागानं. तर आज मी तिले म्हटलं, घे वं बाई, तुले जे पायजे होतं ते आलं आहे, चांद्याच्या बाईनं आपल्या हातानं घातलेलं. तुले हे चुकीचं वाटलं तर तू माझ्याशी भांड, पण इथं येऊन भांड.

तांब्यातलं उरलेलं शालिकरामसोबत तुले पाठवून राहिली. तुले प्यायचं नसन तर नको पिऊ, तुळशीले घाल. लग्न वैशाख वद्य पंचमीले आहे. रुपरावच्या आत्याची जागा मांडवात कोणालेच दिली नाही. तुझा पाट रिकामा राहीन.

देवकी


जुनी शुक्रवारी
अधिक श्रावण अमावास्या

यमूले वैनीचा आशीर्वाद.

काल तू मोटर पकडायच्या घाईनं अशी निघाली की मले हसाले मिळालं नाही. ते हासू मी या पत्रात घालून पाठवते.

लग्नाले तू आली नाही, त्याचं मी काही बोलली नाही. चारूले तुझं हिरवं लुगडं पोचलं, शालिकरामनं तांब्याही परत आणला, रिकामा. मी त्याले विचारलं, पाणी काय केलं यमूनं. तो म्हणते, मले काय माहीत, तुळशीले घातलं असन. मी म्हटलं, घातलं असन. विषय संपला. तुझा पाट मी लग्नभर रिकामा ठेवला, एकदा त्याच्यावर न्हावी बसाले लागला होता, त्याले उठवलं.

आन् परवा तू आली. म्हणे, वैनीसाठी नाही आली, सीताबर्डीचे दिवे पाहाले आली. मी म्हटलं, पाहा बाई, दिवे सर्वांचे आहेत. त्याच दिवशी चांद्याच्या गाडीनं चारू आन् तिची आजेसासू जिजाबाई. जिजाबाईच्या पदराखाली तो चेपलेला तांब्या. घरी आली पण आमचं पाणी नाही घेतलं. म्हणे, एवढी वर्षं थांबलो, एका रात्रीसाठी कशाले घाई.

काल आपण चौघी त्या गर्दीत गेलो. पावसाची भुरभुर, माझी छत्री कोणाच्या तरी डोक्यात अडकली, तुझी चप्पल गेली. वर टेकडीवर आपला झेंडा दिसला तेव्हा सारे ओरडून राहिले होते, आन् जिजाबाई मान वर करून उभी राहिली, तोंडावर पाऊस पडून राहिला. मंग मले म्हणाली, "विहीणबाई, नळ कुठं आहे?"

बाजाराच्या कोपऱ्यावरच्या नळावर तिनं ओंजळ धरली आन् नागपूरचं पाणी पिलं. भुरभुर पावसात, लोकायच्या धक्क्यात, वाकून, ओंजळीवर ओंजळ. तोंड पुसलं आन् म्हणाली, "थोडं मचूळ आहे." म्हटलं, सव्वाशे वर्षं नळात थांबलं, मचूळ नाही तर काय होईल. आम्ही दोघी हासलो तेव्हा तू तोंड दुसरीकडं केलं होतं, ते मी पाहिलं.

मंग चारूनं जिजाबाईचा तांब्या हातात घेतला. म्हणाली, आजी, आता या पाण्याचं काय करू, चांद्याचं आहे, सांडून देऊ? आन् तू, यमू, माझ्या सासऱ्याची लेक, जी होळीच्या दिवशी ताटावरून उठली, तू हात पुढं केला. म्हणाली, "सांडते कशाले. आण इकडं."

चारूनं कड नळाच्या दगडावर ठोकली, फिरकी उघडली. तू पिलं. तांब्या खाली ठेवला आन् आपल्याच विचारात म्हणाली, "त्या दिवशीच्यापेक्षा हे गार आहे."

त्या दिवशीच्या.

यमू, मंग वैशाखात तुळशीले काय मिळालं?

तू मोटरीकडं पळाली. एका चपलीत. चारू इतकी हासली की तिले उमासा आला, आन् तो उमासा हासण्याचाच नव्हता, असं तिची आजेसासू म्हणते. मले आधीच वाटलं होतं, कारण पोरगी आल्यापासून चिंच मागते. बातमी अजून बाहेर फोडू नको. पण ते लेकरू माघात आलं की बारशाले तू पायजे, पाटावर, माझ्या शेजारी.

शालिकरामसोबत माझा फिरकीचा तांब्या पाठवून राहिली. मोकळा आहे. येतानी तुझ्या कळमेश्वरच्या विहिरीचं भरून आण. त्याच्यात चांद्याचं टाकू, इथलं टाकू, आन् लेकराच्या जिभेले पहिलं तेच लावू. त्यानं मंग कोणतंही गाव पकडावं.

फिरकी अडकली तर आधी उलटी आवळ, मंग सोड. आन् तुझी चप्पल सापडली आहे. एकच.

तुझी वैनी
देवकी